लवंगेचं तेल आणि आमच्या घरातला दातांचा डबा

लवंगेच्या तेलाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो तेलाच्या गुणात काही कमी आहे म्हणून नाही. मी पाहिलेल्या छोट्या बाटल्यांवर 'दातदुखीवर गुणकारी' हे मोठ्या अक्षरांत असतं आणि तेल किती पातळ करायचं, हिरडीला लावायचं नाही, मुलांच्या हाती द्यायचं नाही, हे भिंग घेतलं तरी सापडत नाही, म्हणून कापला.

मी नाशिकच्या म्हसरूळला राहते आणि दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघते. जानेवारी ते एप्रिल आमचा सीझन. कंटेनर भरायचा असला की रात्रपाळी चालते, सुट्टी मागायची सोय नसते, आणि नेमके याच दिवसांत आमच्या टेबलावरच्या बायकांचे दात ठणकायला लागतात. याला कारण आहे. ब्रिक्स मीटरवर गोडी मोजतो तरी मणी तोंडात टाकून बघितल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. दिवसभर एकेक मणी तोंडात. द्राक्षात साखरही आहे आणि आम्लही, म्हणजे दाताला दोन्हीकडून मार. वर दर दोन तासांनी गोड चहा, आणि पहाटे नळाचं पाणी असं गार की चूळ भरली तरी कळ मस्तकात जाते. निफाडकडून येणाऱ्या बायकांना तर ती थंडी काय असते ते विचारूच नका.

त्यामुळे आमच्याकडे ऑफिसच्या कपाटात प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी दातांसाठी वेगळा डबा असतो, आणि तसाच एक माझ्या घरी आहे. त्यातल्या वस्तूंबद्दल हे लिहिते आहे. माझ्या स्वतःच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेने गेल्या सीझनला त्या सगळ्यांची परीक्षा घेतली.

आधी तेल घेताना काय बघायचं ते सांगते. लेबलवर 'क्लोव्ह ऑइल' याच्यापुढे 'आय.पी.' असं असेल तर ते इंडियन फार्माकोपियाच्या दर्जाचं, म्हणजे औषध म्हणून बनवलेलं. अरोमाच्या दुकानात दिव्यात घालायला मिळतं ते घेऊ नका, तोंडात घालायला ते बनवलेलंच नसतं. मी मेडिकलमधून घेते. छोटी बाटली शंभर रुपयांच्या आतबाहेर पडते आणि जपून वापरली तर घराला वर्षभर पुरते. ड्रॉपर असलेली बाटलीच घ्या. नुसत्या भोकाच्या झाकणाची बाटली उपडी केली की थेंबाऐवजी धार लागते, आणि रात्री दोन वाजता दुखत्या दाढेने धार आवरायची म्हणजे कठीण.

वापरायची रीत अशी. आधी कोमट पाण्याने चूळ भरून दाढेत अडकलेलं अन्न काढायचं. मग वाटीत खोबरेल तेलाचे सात-आठ थेंब, त्यात लवंगेच्या तेलाचा एक. कापसाचा अगदी छोटा बोळा त्यात बुडवून पिळायचा आणि किडलेल्या खड्ड्यावर ठेवायचा. हिरडीवर नाही, जिभेवर नाही. चार-पाच मिनिटांनी काढून थुंकून टाकायचं. पहिल्यांदा चरचरतं, मग ती जागा जड होते आणि ठणका मागे सरतो. माझा त्या रात्री तासाभराहून थोडा जास्त वेळ मागे सरला होता. झोप लागायला तेवढं पुरलं.

हे होतं कशाने, तर युजेनॉलने. लवंगेच्या तेलात ते साधारण ७० ते ९० टक्के असतं आणि नसेकडून मेंदूकडे जाणारी वेदनेची वर्दी ते काही काळ दाबून धरतं. डेंटिस्ट खड्ड्यात तात्पुरतं सिमेंट भरतात त्यातलं एक जुनं सिमेंट झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचंच असतं. दाताच्या दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर जो वास येतो, तो बऱ्याचदा त्याचा. म्हणजे आजीच्या बटव्यातली गोष्ट आणि डॉक्टरांच्या ट्रेमधली गोष्ट इथे एकच आहे. मला या तेलाबद्दल जी माया वाटते ती यासाठी.

पण हेच युजेनॉल निव्वळ लावलं तर हिरडी भाजते. आमच्या लाइनवरच्या एका मुलीने दिवसभर बोळा धरून ठेवला होता, संध्याकाळी तिची हिरडी पांढरी पडून साल निघत होती. दात दुखतोच आहे, वर जखम. लहान मुलांच्या बाबतीत तर मी हट्टाने सांगते, बाटली वरच्या फळीवर ठेवा. चमचाभर तेल पोटात गेलं तरी लहान मुलाच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते. मुलाचा दात दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचं सिरप आणि सकाळी दवाखाना, एवढंच.

तेल नसेल तर अख्खी लवंग. ती तेलापेक्षा सौम्य आहे आणि भाजण्याची भीती कमी. फक्त बाजारात तेल काढून घेतलेल्या लवंगाही विकल्या जातात. रविवार कारंज्याजवळच्या ज्या काष्ठौषधीच्या दुकानातून मी हळकुंडं आणि ज्येष्ठमध घेते, तिथल्या काकांनी मला परीक्षा शिकवली: नखाने दाबली की तेल दिसलं पाहिजे, आणि डोक्यावरचा गोळा शाबूत पाहिजे. पाण्यात टाकली तर चांगली लवंग उभी राहते किंवा बुडते, रिकामी आडवी तरंगते. रिकामी लवंग दाढेखाली धरून रात्र काढायची म्हणजे काडी चघळण्यासारखं.

रात्रीच दाढ का ठणकते, हे बऱ्याच जणी विचारतात. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं. दातातली नस सुजलेली असते आणि तिच्या चहूबाजूंनी कडक भिंत, फुगायला जागाच नाही. म्हणून दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. फुकटचा उपाय आहे आणि खरंच फरक पडतो. बाहेरून गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा, दहा-पंधरा मिनिटं. शेक देऊ नका. गालाला सूज असेल तर गरम शेकाने ती वाढू शकते. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, सूज असलेल्या हिरडीला त्याने बरं वाटतं.

गोळ्यांबद्दल. मोठ्या माणसाला दाताच्या दुखण्यात आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी चांगली चालते, मात्र पोटात काहीतरी घालून. ज्यांना अल्सर आहे, किडनीचा त्रास आहे, दमा आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत किंवा जी गरोदर आहे, तिने आयबुप्रोफेनला हात लावायचा नाही, पॅरासिटामॉलवर भागवायचं. पावसाळ्यानंतर नाशिकला डेंग्यू असतोच, तेव्हा अंगात ताप असेल तरही आयबुप्रोफेन नको. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. आणि अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने नको. नसेला सूज आली असेल तर ती अँटिबायोटिकने उतरत नाही, दुखणं तिथेच राहतं आणि पुढे खरंच गरज पडेल तेव्हा ते औषध कामाला येत नाही.

हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं, कच्चा लसूण ठेचून भरणं, कापूर लावणं, या तिन्हींनी मांस भाजतं. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातले किडे पाडणारी माणसं अजून आठवडे बाजारात भेटतात. दातात किडे नसतात. असतात ते जिवाणू, डोळ्यांना न दिसणारे, आणि ते साखर खाऊन आम्ल सोडतात, त्या आम्लाने दात पोखरतो. धुरीने ते पडत नाहीत आणि पडलेले दाखवताही येत नाहीत.

आता जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. आमच्याकडे एक मावशी पॅकिंगला होत्या. त्यांची दाढ पंधरवडाभर ठणकत होती, मग एक दिवस आपोआप थांबली. मावशी खूश. "बघा मॅडम, लवंगेनं बरी केली." मी म्हटलं, "मावशी, तरी दाखवून या." नाही गेल्या. दाढ थांबली होती कारण आतली नस मेली होती. जिवंत नस होती तोवर ती ओरडत होती, मेल्यावर ओरडणार कोण? जंतू मात्र मुळाच्या टोकापर्यंत उतरले. पुढे एका सकाळी मावशी कामावर आल्या त्या गाल सुजून डोळा अर्धा मिटलेला, अंगात ताप. आम्ही तशाच रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. पू काढला, सलाईनमधून औषधं दिली, त्या बऱ्या झाल्या. डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकणारी सूज, गिळताना त्रास, तोंड उघडत नाही, श्वास जड, यातलं काहीही दिसलं तर तेल, मीठ, गोळी सगळं बाजूला ठेवून त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही.

दुखण्यावरून अंदाज बांधता येतो. गार लागलं की कळ आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर अजून वेळ हातात आहे. गरम चहाने कळ येते आणि रेंगाळते, किंवा काही न खाता आपोआप ठणका सुरू होतो, तर नसेपर्यंत पोचलं समजा. चावलं की दुखतं तर मुळाशी काहीतरी आहे किंवा दाताला तडा आहे. माझी दाढ दुसऱ्या प्रकारची होती. कंटेनर रवाना झाला आणि मी पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराच्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात गेले.

तिथल्या ओपीडीला माझ्याकडून पूर्ण पाच. केसपेपर काढायचा, मग शिकणारे डॉक्टर तपासतात, एक्स-रे होतो आणि त्यांचे सर किंवा मॅडम येऊन पुन्हा बघतात. खासगी दवाखान्याच्या मानाने खर्च बराच कमी. शिकवत शिकवत काम चालतं, तेव्हा वेळ हाताशी ठेवून जायचं. माझं रूट कॅनॉल टप्प्याटप्प्याने झालं, आता कॅप बसली आहे आणि त्या बाजूने मी भाकरी चावते. मला आवडलं ते हे की प्रत्येक पायरीला त्या शिकाऊ डॉक्टरीणबाई सरांना मोठ्याने सांगायच्या की काय दिसलं आणि काय करणार. माझ्याच तोंडात काय चाललंय ते मला फुकटात कळत गेलं.

मी तिथे सासूबाईंनाही घेऊन गेले, आणि हे लिहायला बसले त्यामागे खरं तर त्या आहेत. त्यांची मिश्री. सिन्नरकडच्या आमच्या गावात त्यांच्या वयाच्या जवळजवळ सगळ्या बायका लावतात. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि बोटाने दातांवर-हिरड्यांवर चोळायचा. सकाळी एकदा, जेवणानंतर, चहानंतर, मनाला लागलं तर मध्येच. 'दात घासते' म्हटलं की कुणी नावं ठेवत नाही, म्हणून ज्या बाईने आयुष्यात विडी बघितली नाही ती तंबाखूच्या आहारी जाते. दातांच्या पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी घातली आहे. घरच्या तव्यावर आणि पुडीतल्या मिश्रीपर्यंत ती बंदी काही पोचली नाही.

सासूबाईंची तक्रार होती दात हलतो एवढीच. डॉक्टरांनी दाताकडे बघायच्या आधी गाल बाजूला करून आतून बघितलं, जिथे त्यांचं बोट वर्षानुवर्षं फिरतं तिथे. एक पांढरट चट्टा होता. डॉक्टरांनी बोट दाखवून मला दाखवला. असे चट्टे सगळेच बिघडत नाहीत, पण काहींचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं, म्हणून छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. आमचा रिपोर्ट चांगला आला. ते ऐकेपर्यंत घरात कुणाला धड जेवण गेलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आजी, आजपासून बंद. चट्टा बघायला ठरलेल्या तारखेला यायचं."

बंद करणं सांगण्याइतकं सोपं नाही, कारण आतला निकोटीन मागणी करतो. पहिले दिवस त्यांचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, पोट साफ व्हायचं नाही. मी म्हणायचे, "आई, चहा झाला की बडीशेप घ्या आणि अंगणात एक चक्कर मारा." त्या म्हणायच्या, "अगं, बोटाला काहीतरी लागतं गं." मग बोटासाठी म्हणून विको वज्रदंतीची पावडर आणली. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी सुरू केलेली ही कंपनी, सासूबाईंच्या माहेरी ती पावडर वापरात होती, म्हणून त्यांना ती परकी वाटली नाही. मिश्रीची जागा ती घेत नाही, तसं कुणी समजू नये. तिच्यात तंबाखू नाही, त्यामुळे तलफ ती भागवत नाही. पण चोळायची सवय तिने सांभाळून घेतली आणि तलफेसाठी आम्ही तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. आज त्या मिश्री लावत नाहीत. गावी गेल्या की शेजारणी डबी पुढे करतात, तेव्हा त्या तोंड उघडून तो चट्टा दाखवतात. त्यांच्या तेवढ्या दाखवण्याने दोघींनी सोडली. माझ्या शंभर भाषणांनी ते झालं नसतं.

डब्यातल्या बाकीच्या वस्तू पटकन सांगते. ब्रश मऊच घ्या. 'हार्ड' लिहिलेला ब्रश भांडी घासल्यासारखा चालवला की हिरडीजवळ दाताला खाच पडते आणि मग गार पाण्याची कळ आयुष्यभर. हिरडीशी तिरका धरून हलक्या हाताने दोन मिनिटं, आणि केस फाकले की किंवा तीन महिने झाले की बदलायचा. रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा जास्त गरजेचं आहे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दाताला धुवून काढणारं कुणी नसतं. द्राक्षं, लिंबू, चिंच खाल्ल्यावर मात्र लगेच घासू नका. आम्लाने वरचा थर मऊ झालेला असतो, आधी चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. सीझनमध्ये मी टेबलाजवळ पाण्याचा जार ठेवला आहे, मणी चाखला की घोटभर पाणी. हे कंपनीकडून करून घेतलं याचा मला आनंद आहे.

पेस्ट कुठलीही घ्या, नळीवर फ्लोराइड किती पीपीएम आहे ते बघा. आपल्याकडे १००० पीपीएमपर्यंत परवानगी आहे आणि फ्लोराइड असेल तर आकडा छापावाच लागतो. त्याच्या जवळपास असलेली मी घेते. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चुळा भरत बसायचं नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर थोडं राहतं. सेन्सिटिव्ह पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असतं, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवस वापरून 'काही उपयोग नाही' म्हणून टाकून देणाऱ्यांनी ती पुन्हा वापरून बघावी. तिला चार गुण, महाग आहे म्हणून एक कमी. दातांच्या फटीत घालायचे छोटे ब्रश मिळतात त्यांना मात्र पाच. मिसळीतलं फरसाण आणि पेरूच्या बिया काढायला टाचणी किंवा काडेपेटीची काडी घालणाऱ्या प्रत्येकीला मी एकेक दिला आहे. फट केवढी आहे ते बघून आकार निवडायचा, जबरदस्तीने घुसवायचा नाही. फट नसेल तिथे साधा दोरा.

आणि मुलं असलेल्यांसाठी एक. साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात पडत नाही आणि ती मागून गुपचूप येते, त्यामुळे घरचे तिला दुधाची समजतात आणि किडली तरी 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, ती कायमची आहे. माझ्या मुलाच्या तशा दाढा पूर्ण वर आल्या आहेत आणि खाचा खोल आहेत. त्या खाचा किडायच्या आत भरून घेता येतात, सीलंट म्हणतात त्याला. दिवाळीच्या सुट्टीत पंचवटीला त्याचाच नंबर लावणार आहे. ते कसं झालं, मुलगा किती वेळ तोंड उघडून बसला आणि किती पैसे लागले, ते झाल्यावर लिहीन.